मदत हवी आहे: मिंट टाकलं, पण पीसी चालूच होईना

मंडळी, उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचा बिलिंगचा पीसी बसलाय. चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून नवी एसएसडी घालून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरनं केला. पहिल्यांदा मिंटचा लोगो आला की स्क्रीन काळी. मग मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड घेतला, तेव्हा गाडी पुढं सरकली. इन्स्टॉल पूर्ण झालं, रीस्टार्टही झाला. जुन्या हार्ड डिस्कवर सगळी बिलं आहेत, तिला धक्का नको म्हणून मी केबल काढून ठेवली. (ही अक्कल आधी सुचायला हवी होती, इन्स्टॉल करताना ती जोडलेलीच होती.) आता चालू केला की ‘नो बूटेबल डिव्हाइस’!

बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एसएसडी दिसते. सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेलीच सिस्टिम चालू देणारं सेटिंग) बंद आहे. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालू करून (लाइव्ह) बघितलं, तर /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे, म्हणजे यूईएफआय मोडच (पीसी चालू होण्याची नवी पद्धत) असणार.

माझा संशय असा की बूटलोडर (चालू करताना सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे तो ठेवायच्या डिस्कच्या भागावर, जाऊन बसलाय. तसं असेल तर पुन्हा सगळं न टाकता तो एसएसडीवर कसा आणायचा? लाइव्हमधलं बूट रिपेअर हे दुरुस्तीचं टूल चालवू का? आणि एसएसडीवर ईएफआय पार्टिशनच नसेल तर?

पप्पा सकाळपासून हातानं बिलं लिहितायत आणि दर बिलामागं माझ्याकडं एकदा बघतायत. कुणी केलं असेल तर पायऱ्या सांगा.