राहू दे, नंतर बघू

माझ्या उजव्या खांद्यावर वर्षभर एकाच जागी निळं पडत होतं. दाराची चौकट. आतून बाहेर येताना नेमकी तीच लागायची. घरच्यांनी मला वेंधळी ठरवलं आणि मीही ते मान्य केलं. वाचायचा चष्मा तयारच विकत घ्यायचे, धूसर वाटलं की पुढच्या नंबरचा. डोळे तपासायचे होतेच. आधी मुलीची परीक्षा होती, मग ऑफिसचं वर्षअखेरचं काम आलं, मग काहीच नव्हतं तरी गेले नाही. शेवटी गेले ती चष्म्याची काडी मोडली म्हणून.

फार तर मोतीबिंदू निघेल असं धरून चालले होते. निघाला काचबिंदू. नावात बिंदू असला तरी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून दुसरं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजत जाते आणि गेली तेवढी गेली. माझ्या प्रकारात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. समोरचं अक्षर बराच काळ स्वच्छ दिसतं, जातं ते कडेचं. तेही काळं पडून जात नाही, मेंदू तिथे आजूबाजूचं चित्र सारवून टाकतो. म्हणजे मला चौकट दिसत नव्हती आणि ती दिसत नाही हेही दिसत नव्हतं.

नजरेचा घेर तपासतात तेव्हा एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि कडेला कुठेही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काही लुकलुकेना. यंत्र बंद पडलं का, असं मी विचारलं. ती तंत्रज्ञ मुलगी काही बोलली नाही.

आता रोज रात्री थेंब. ते डोळ्यातला दाब उतरवतात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. डॉक्टर म्हणाल्या, सख्ख्या भावंडांना सांगा, त्यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. मला एकच भाऊ आहे, माझ्याहून मोठा. वाटणीवरून चार वर्षं बोलणं बंद आहे. ते काम अजून राहिलंय.

तर तुमचं काय राहिलं होतं? तब्येतीचं, पैशाचं, घरातलं, कसलंही. लाज वाटण्यासारखं असेल तर आधी लिहा.

* * *

लाज म्हणालात म्हणून माझा नंबर पहिला. क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण रक्कम आणि किमान रक्कम. अकरा महिने मी फक्त दुसरा आकडा बघितला. तो इतका छोटा आणि समजूतदार असतो की वाटतं, आपली अडचण कार्डवाल्यांना कळली.

किमान रक्कम भरली की उशिराचा दंड टळतो, बाकी काही टळत नाही. उरलेल्या सगळ्यावर व्याज चालू. माझ्या कार्डावर तर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नव्हती, वस्तू घेतल्या दिवसापासून मीटर पडायचं. महिना तीन टक्के हे ऐकायला किती किरकोळ वाटतं! वर्षाचे छत्तीस होतात असा माझा हिशेब. व्याजावरचं व्याज धरलं की ते साडेबेचाळीसच्या वर जातात.

आणि मी शाळेत गणित शिकवतो. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती काळ लागेल ते कळतं, ही युक्ती मी मुलाला मुदत ठेव समजावताना फळ्यावर लिहून दाखवली होती. ७२ भागिले ३, चोवीस महिने. तेच गणित स्वतःच्या कर्जाला लावायचं सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं, मांडायची हिंमत नव्हती.

बायकोला सांगितलं त्या दिवशी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गेल्या सुट्टीत कुठे जायला नको म्हणालास, ते माझ्या पाठदुखीसाठी नव्हतं." तिने तिची ठेव मोडून कार्ड फेडलं. ठेवीला मिळणारं व्याज कार्डाच्या व्याजाच्या पावपटही नव्हतं, त्यामुळे हिशेबाने फायदाच झाला. हिशेबाने.

* * *

माझा त्रास उलटा आहे. मला काही पुढे ढकलताच येत नाही, मनगटावरचं घड्याळ ढकलू देत नाही. दहा हजार पावलं पुरी करायला मी रात्री साडेअकराला पलंगाभोवती फेऱ्या मारायचे. नवरा म्हणायचा, झोप आता, प्रदक्षिणा पुरे. मग कुठेतरी वाचलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेलाच नाही. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव चटकदार होतं, ते जगभर पथ्यासारखं पाळलं गेलं. फेऱ्या थांबवल्या. झोपेचे गुण मात्र अजून बघते. सकाळी ताजंतवानं वाटत असतं, घड्याळ म्हणतं ५४, आणि मग मी दिवसभर दमलेली.

* * *

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची एक वही होती, सगळे पासवर्ड त्यात. आम्ही भावंडं चिडवायचो, चोराची सोय करून ठेवलीत. ते म्हणायचे, एकदा बस माझ्याशेजारी, कुठलं खातं कशाचं ते दाखवतो. मी म्हणायचे, पुढच्या वेळी निवांत येईन तेव्हा. निवांत कधी आलेच नाही, यायचे तेव्हा परतीचं तिकीट काढूनच यायचे.

वही सापडली, पण उपयोग झाला नाही. ऑफिसात असताना बाबांना सवय लागली होती, दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा. म्हणजे काय, तर शेवटचा आकडा एकाने वाढवायचा. वहीत शेवटी ७ होता. खरा कितीवर पोचला होता देव जाणे. आम्ही ८, ९, १० करून बघितलं आणि खातंच बंद पडलं. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदला, त्यात चिन्हं घाला, ही शिस्त अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या नियमावलीतून सगळीकडे पसरली. २०१७ मध्ये त्यांनीच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. लोक जेमतेम एखादं अक्षर बदलतात, सुरक्षा काही वाढत नाही. माझ्या बाबांसारखी माणसं जगभर असणार.

पण मोठी चूक बाबांची नव्हे, माझी. महिन्याचं बिल कशाला भरायचं म्हणून त्यांचा मोबाइल नंबर मी पंधरा दिवसांत बंद करून टाकला. बँक, विमा, ईमेल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर जात होते. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला दाखवायचा आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस म्हणायचा, "त्यांच्या मोबाइलवर एक कोड आला असेल बघा." नंबर परत मागायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः यावं लागेल. मी दाखला पुन्हा पुढे सरकवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "मग त्यांची सही चालेल." एकच सांगते, बाकी काहीही आधी बंद करा, नंबर सगळ्यात शेवटी.

तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळालाय. फोनमधून मी पुसला नव्हता, एकदा चुकून लागला. पलीकडून एक लहान मुलगी "हॅलो, कोण?" म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

* * *

एका ॲपची वर्गणी. घ्यायला एक बोट लागलं, सोडायला फोन करावा लागतो, तोही ऑफिसच्या वेळेत. "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की धाकटा खेळताना खेळण्यातल्या फोनवर तेच म्हणतो. वर्गणी अजून चालू आहे.

* * *

आमच्याकडे राहिलं होतं सासऱ्यांच्या कानाचं. ते नवऱ्याचं सगळं ऐकायचे, माझं नाही. सात वर्षं मी मनात धरून होते की सुनेचं कशाला ऐकतील. एकदोनदा बोलूनही दाखवलं, त्यावर घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाईंचंही ते ऐकत नसत, पण ती तर जुनीच तक्रार, तिच्याकडे कोण लक्ष देतं!

कान तपासले तेव्हा आलेख समोर ठेवला. डावीकडे, खर्जाच्या आवाजांपाशी, रेघ बऱ्यापैकी वर, उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, घसरगुंडी. वयाने ऐकू कमी यायला लागलं की बारीक पट्टीचे आवाज आधी जातात. बायकामुलांचं बोलणं, शिवाय स, श, फ यांसारखे ध्वनी. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ओरडून सांगितलं तर बहुतेक स्वरच मोठे होतात, आणि समोरच्याला वाटतं आपल्यावर चिडलेत. मी सात वर्षं नेमकं तेच करत होते. नवऱ्याचा आवाज खर्जातला, बस एवढंच.

यंत्र आणलं तरी पहिल्या आठवड्यात ते डबीत. कुणी वर्तमानपत्राची घडी मोडली तरी त्यांच्या कानात फटाका फुटायचा. पंख्याला आवाज असतो हे त्यांनी कित्येक वर्षांनी ऐकलं आणि नवा पंखा बिघडलाय म्हणून दुकानात परत न्यायला निघाले. विसरलेले आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला आठवडे लागतात. आधी शांत खोलीत, एकाच माणसाशी, रोज थोडा वेळ, असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. ते एक माणूस व्हायची पाळी माझ्यावर आली. तास-अर्धा तास मी त्यांना बातम्या वाचून दाखवायचे. आधी दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. मग ते बातम्यांवर टिप्पणी करायला लागले, आणि कळलं की म्हातारा भलताच विनोदी आहे.

परवा आतल्या खोलीत मी स्वतःशीच पुटपुटले, "मेलं कुणाला काही पडलेलंच नाही." ते दारात येऊन उभे. "काय झालं गं?" आता पुटपुटायचीही सोय राहिली नाही.

* * *

सगळं वेळेवर केलंच पाहिजे असं काही नाही, उगाच घाबरवू नका लोकांना. मी गुडघा बदलणं तीन वर्षं लांबवलं. डॉक्टरांच्या संमतीने. मांडीचे व्यायाम केले, सात किलो उतरवले. अजून स्वतःच्याच गुडघ्यावर जिना चढतो, कठडा धरून. आधी बायको म्हणायची करून टाका, आता म्हणते इतके दिवस काढलेत तर काढा अजून थोडे. तिचं नक्की मत काय आहे हे विचारायचं राहिलंय.

* * *

काचबिंदूवाल्या ताई, भावाला सांगितलंत का?

* * *

सांगितलं. तुमचा प्रश्न वाचून फोन हातात घेतला, ठेवला, भांडी आवरली, पुन्हा घेतला. वहिनीने उचलला आणि काही न बोलता त्याच्याकडे दिला. मी प्रस्तावना पाठ केली होती, ती विसरले. एकदम म्हणाले, दादा, मला काचबिंदू आहे, तूही डोळे तपासून घे.

तो म्हणाला, "मला तीन वर्षं झाली. रात्री थेंब घालतो." आणि मग, "तुलाही सांग असं डॉक्टर म्हणाले होते."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, तुझे कुठले थेंब, आणि आम्ही दोघांनी आपापल्या बाटल्या आणून त्यावरची बारीक अक्षरं एकमेकांना वाचून दाखवली.