मोझांबिक बेट : गोव्याचा भाऊबंद की गुलामांचं बंदर?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)
आफ्रिका म्हटलं की आपली मंडळी केनिया-टांझानियाच्या सफारीवर थांबतात. मोझांबिकचं नाव काढलं की "तिथे काय आहे?" मी म्हणतो, कोकण-गोव्याच्या माणसाने आधी तिथेच जावं. सुमारे अडीच हजार किलोमीटरचा किनारा आहे, बाझारुतोची बेटं आहेत, गोरोंगोझाचं जंगल आहे. पण मला ओढ आहे ती उत्तरेकडच्या छोट्याशा मोझांबिक बेटाची. लांबी तीन किलोमीटर, रुंदी जेमतेम अर्धा. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला येताना इथे थांबला होता. फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोचण्याआधी इथे काही महिने अडकून पडले होते. टोकावरचं बालुआर्तेचं चॅपेल १५२२ चं. १७५२ पर्यंत या मुलखाचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. म्हणजे प्रकरण घरचंच की! १९९१ पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे, तरी आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकात मला ते कधी दिसलं नाही.

रोखठोक_मालू
घरचंच असेल तर सगळंच घरचं म्हणा. फक्त चॅपेल आणि खिडक्यांची नक्षी नको. साओ जोझे नावाचं पोर्तुगीजांचं गुलाम नेणारं जहाज डिसेंबर १७९४ मध्ये याच बेटावरून ब्राझीलला निघालं, पोटात पाचशेच्या आसपास माणसं कोंबून. केपटाऊनजवळ खडकावर आपटलं, दोनशेहून जास्त बुडाले. जे वाचले त्यांना तिथेच विकून टाकलं. अवशेषांची ओळख पटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. पाणबुड्यांना तळाशी लोखंडाचे ठोकळे सापडले. माणसांचा माल वजनाला हलका आणि हलणारा, म्हणून जहाज स्थिर राहायला ते भरलेले. हे वाचून "चला, रंगीत गल्ल्यांत फोटो काढू" असं कसं सुचतं?

खाडीपलीकडचा
मालूताई, फोटोंचं मी कुठे लिहिलं? आणि बेटावरचे लोक हे लपवत नाहीत. गुलामांच्या स्मृतीसाठी तिथे बाग केली आहे. त्या जहाजाच्या जागी टाकायला मोझांबिक बेटावरून माती पाठवली होती, तिथल्या माकुआ जमातीच्या मुखियाने कवड्या लावलेल्या भांड्यातून. जाणारा माणूस हे बघेल तरी. घरी बसून कोण बघणार?

दीवचा_पाहुणा
दोघंही पोर्तुगीजांवर खापर फोडून मोकळे. त्या व्यापारात कापड कुठलं चालायचं? गुजरातचं. ते आणणारे, उधारीवर देणारे दीवचे वाणी. आधी हस्तिदंत, मग माणसं, दोन्हींच्या बदल्यात आपलंच कापड. बेटावर आजही हिंदू मंदिर आहे ते या व्यापाऱ्यांमुळे. भाऊबंदकी सांगायची तर ही वहीही उघडा.

बार्देसकार
अरे, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्या घरातले दोघे लोरेंसो मार्किशला, म्हणजे आताच्या मापुतोला, कारकून होते. वरचा गोरा साहेब, खालचा काळा मजूर, मधे आम्ही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीजांनी मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं, दुकानं जप्त केली, पुष्कळांना हाकललं. दुसरी बाजूही आमचीच : आकीनो द ब्रागांझा गोव्याचे, फ्रेलिमो या मोझांबिकच्या स्वातंत्र्य चळवळीच्या लढ्यात उतरले आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. आमच्या पोरांना त्यांचं नाव माहीत नाही, पेरी-पेरी मात्र बरोब्बर माहीत.

हिशेबी
इतिहास झाला असेल तर जमिनीवर या. २०१७ पासून अगदी उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र बंडखोरी चालू आहे. २०२१ मध्ये तिथल्या पाल्मा शहरावर हल्ला झाला. बेट आहे शेजारच्या नाम्पुला प्रांतात, आणि त्या प्रांताच्या उत्तर भागातही झळ पोचली आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर देशभर दंगली झाल्या. शिवाय वादळं : २०१९ ला इदाईने बैरा शहर झोपवलं, २०२२ ला गोम्बे थेट बेटासमोरच्या किनाऱ्यावर आदळलं. मलेरिया वेगळाच. म्हातारे आईवडील घेऊन "भाऊबंद" बघायला मी तरी जाणार नाही.

खाडीपलीकडचा
मग दक्षिणेत इन्याम्बाने, तोफो बघा. बंडखोरी तिथून दीड-दोन हजार किलोमीटर लांब. एका टोकाला आग लागली म्हणून सगळा देश बंद करायचा?

रोखठोक_मालू
तोफोला जा, खुशाल जा. माझं भांडण बेटापुरतं आहे. उत्तरेला दगडी शहर : वाडे, किल्ला, राजवाड्याचं संग्रहालय, हॉटेलं. दक्षिणेला माकुती, म्हणजे माडाच्या झावळ्यांची छपरं. त्या वाड्यांसाठी दगड काढला तो याच भागातून, त्यामुळे वस्ती खड्ड्यात बसली आहे. रस्त्यावर उभं राहिलं तर छप्पर डोळ्यांच्या पातळीला येतं. पाऊस आला की पाणी कुठे जाणार? त्यांच्याच दारात. आणि बेटावरचे बहुतेक लोक इथेच राहतात. तोंडाला मुसिरोच्या लाकडाचा पांढरा लेप लावलेल्या बायका प्रत्येक माहितीपत्रकावर झळकतात, त्यांच्या गल्लीचं गटार मात्र कुठल्याच पत्रकात नसतं.

बार्देसकार
हे मान्य. पण पर्यटक नाही आला तर गटार होणार आहे का? तुफो हा तिथला पारंपरिक नाच करणाऱ्या बायकांना पैसे देतं कोण? आमच्या गोव्यात पर्यटनाने नासधूस केली हे खरं, पण गावात पैसाही त्यानेच आला.

रोखठोक_मालू
गोव्यात पैसा कोणाच्या हातात गेला ते मी सांगायला नको. माकुतीत घर असलेल्या माणसाकडे उतरता येत असेल, वाटाड्या तिथलाच असेल, तर मी विरोध मागे घेते. दगडी वाड्यातल्या हॉटेलात राहून "आपला वारसा" म्हणणार असाल, तर नाही.

दीवचा_पाहुणा
आणि मंदिरात गेलात तर त्या वाण्यांबद्दलही विचारा. बघू, काय सांगतात.