थंडीत पोहणं कमी करा, बंद नको

थंडीचे तीन महिने पोहणं पूर्ण बंद आणि ऊन तापलं की पहिल्याच आठवड्यात रोज एक किलोमीटर, असं तुम्ही म्हणता. मग खांदा दुखणारच! साठीपर्यंत मीही हेच करायचो. दोन-तीन आठवड्यांच्या खंडातच दम कमी व्हायला लागतो, आणि या वयात तो परत मिळवायला वेळ लागतो. त्यातून खांद्याचे स्नायुबंध दमापेक्षाही सावकाश तयार होतात. म्हणजे छाती म्हणते चल, आणि खांदा म्हणतो थांब.

आता थंडीत मी अंतर निम्म्यावर आणतो, पण आठवड्याचे दोन दिवस चुकवत नाही. तळहातावर बांधायचे, खांद्यावर ताण वाढवणारे हँड पॅडल कायमचे कपाटात गेले (हौसेने घेतले होते, असो). पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं काठावरच हातपाय मोकळे करतो, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. आणि एक राहिलंच: पोहण्यात हाडांवर भार येत नाही, त्यामुळे जोडीला थोडी वजनं उचलाच.

मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या पोहण्याच्या स्पर्धांत वयाप्रमाणे दर ५ वर्षांचा गट असतो. ६५ पूर्ण झाली की मी पुन्हा गटात सगळ्यात लहान!