मदत हवी आहे: किडनीच्या पथ्यात कोशिंबिरीला चव कशाने आणू?
नमस्कार. आम्ही खानापूरचे. बाबांना किडनीचा त्रास आहे. डॉक्टरांनी दिवसाचं सगळं मीठ धरून 5 ग्रॅमच्या आत सांगितलंय, रक्तात पोटॅशियमही वाढलंय. लोणचं, पापड बंद. पण भाकरीशी कारळ्याची चटणी नसली की बाबा ताट तसंच सरकवतात, बघवत नाही हो. शेजारच्या काकूंनी कमी सोडियमचं मीठ सुचवलं. दुकानात पाकीट वाचलं तर त्यात पोटॅशियम क्लोराईड! तिथंच परत ठेवलं. सध्या काकडीवर लिंबाचे चार थेंब, जिरेपूड आणि हिंग-मोहरीची फोडणी घालते. दाण्याचं कूट फॉस्फरसमुळे चिमूटभरच. ज्यांच्या घरी असं पथ्य आहे त्यांनी सांगा ना, बिनमिठाची चटणी कशी करता? तुमच्या आहारतज्ज्ञांनी कारळं किती चालेल म्हटलं? पुढच्या तपासणीला मीही विचारणार आहे.