वित्त विधेयक गेलं, कर्जाचा हप्ता राहिला

कुणीतरी म्हटलंय की जून 2024 मध्ये केनियाचे राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी करवाढीच्या वित्त विधेयकावर सही नाकारली आणि लोकांची सुटका झाली. सही नाकारली, पण सुटका झाली नाही. पावावरचा 16 टक्के व्हॅट करवाढीविरुद्धच्या आंदोलनाच्या रेट्यामुळेच टळला, हे खरं. पण 2014 चे 6.875 टक्के व्याजाचे डॉलर-रोखे (सरकारने डॉलरमध्ये घेतलेलं कर्ज) फेडायला सरकारने फेब्रुवारीतच नवे काढले होते, तेही 9.75 टक्क्यांनी! व्याज डॉलरमध्येच द्यायचं. केनियाचं चलन शिलिंग घसरला की बोजा आपोआप फुगतो. मग जुलैमध्ये इंधनावरचा रस्ते-देखभाल अधिभार लिटरमागे 18 वरून 25 शिलिंग झाला. त्याला नवं विधेयक लागलंच नाही. ज्या आंदोलनात माणसं जिवानिशी गेली, त्यानंतर महिन्याभरात ही वसुली, याचा संताप येतो. मटाटूचं (तिथल्या प्रवासी मिनीबसचं) भाडं, भाजीची वाहतूक, सगळ्यात तो अधिभार मुरतो आणि पावतीवर कुठे दिसतही नाही.