सावली मळकट का दिसते

डिजिटल चित्रात मल्टिप्लाय लेयरवर (खालचे रंग गडद करणाऱ्या मोडच्या थरावर) सावली दिली की चित्र मळकट होतं, ते का, असं एकाने विचारलंय. दोष मोडचा नाही, बहुधा सावलीसाठी घेतलेल्या राखाडी रंगाचा आहे. मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या लेयरच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या आकड्यांचा (0 ते 255) गुणाकार होतो आणि त्याला 255 ने भागलं जातं. म्हणून पांढरा काहीच करत नाही, राखाडी मात्र सगळंच सारखं काळवंडून टाकतो. पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीतलं पिवळं घर रंगवताना मी सावलीला फिका जांभळा घेतला. पिवळ्या भिंतीवर सावली ऊबदार तपकिरी उतरली, खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर जांभळीच राहिली. अगदी तिथल्या दुपारसारखी! सावलीचा लेयर घराच्या लेयरला क्लिप करा, म्हणजे सावली घराबाहेर जाणार नाही. आणि सावलीच्या कडा स्मजने (रंग फासणाऱ्या टूलने) घासत बसू नका, मधला रंग आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलणाऱ्या टूलने) घेऊन ब्रशनेच लावा.