मदत हवी आहे : डॉ. सीग्रेव्ह यांच्या कारेन नर्सेस

नमस्कार मंडळी,
मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. १२ मेच्या परिचारिका दिनासाठी बर्मातल्या मिशनरी नर्सेसवर बोलायचं ठरवलंय.

उत्तर बर्मातल्या नामखाममध्ये अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे डॉ. गॉर्डन सीग्रेव्ह यांनी कारेन, काचिन, शान अशा डोंगराळ मुलखातल्या जमातींच्या मुलींना नर्सिंग शिकवलं. मे १९४२ मध्ये जपानी फौजा मागे असताना या मुली अमेरिकन सेनानी जनरल स्टिलवेल यांच्या तुकडीबरोबर जंगल तुडवत इंफाळला पोचल्या. वाटेत आजाऱ्यांची शुश्रूषा केली, तराफ्यांवर छपरं शाकारली, प्रार्थनागीतं गायली. नंतर रामगढला, म्हणजे आजच्या झारखंडमध्ये, छावणीतल्या चिनी सैनिकांच्या इस्पितळातही राबल्या. विशीतल्या पोरी होत्या हो, माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाच्या!

अडचण अशी, की जिथे तिथे डॉक्टरांबद्दलच वाचायला मिळतं. त्यातल्या कारेन मुलींची नावं, त्यांचं पुढचं आयुष्य, रामगढचे फोटो कुठे मिळतील? मराठीत कुणी लिहिलंय का? कुणाच्या घरात त्या काळी रंगूनला किंवा रामगढच्या छावणीत असलेलं कुणी आहे का? ऐकीव आठवणही चालेल. मला या मुलींची ओळख त्यांच्या नावानिशी करून द्यायची आहे.